सहाव्या वर्षी येणारी दाढ: गावात तिचं काय होतं, शहरात काय होतं

मूल साधारण सहा वर्षांचं झालं की तोंडात अगदी मागे, दुधाच्या दाढांच्याही पलीकडे, एक नवी दाढ उगवते. वर दोन आणि खाली दोन, अशा चार. ही दाढ येताना एकही दुधाचा दात पडत नाही, त्यामुळे ती कायमची आहे हे घरात कुणाच्या लक्षात येत नाही. सातव्या-आठव्या वर्षी तिच्यावर काळा ठिपका दिसला की आई-वडील म्हणतात, "दुधाची आहे, पडेल आपोआप." ती पडत नाही. जेवणाचा सगळ्यात जास्त भार याच दाढांनी पुढची साठ-सत्तर वर्षं उचलायचा असतो आणि तोंडातल्या कायमच्या दातांत सगळ्यात आधी किडतात त्याही बहुतेक वेळा याच.

महाराष्ट्रातल्या गावांत आणि शहरांत दातांच्या आरोग्यात नेमका काय फरक आहे, हे समजून घ्यायला या एका दाढेचा माग काढणं सगळ्यात सोपं.

कीड लागते कशी

कीड म्हणजे अळी नव्हे. दातांवर जिवाणूंचा एक चिकट, पांढुरका थर कायम बसत असतो. सकाळी उठल्यावर जीभ फिरवली की जे बुळबुळीत लागतं, ते हेच. या जिवाणूंना साखर मिळाली की काही मिनिटांत ते आम्ल तयार करतात. दातापाशी सामू (आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी, तितकं जास्त आंबट) ५.५ च्या खाली गेला की दाताच्या वरच्या कवचातलं कॅल्शियम विरघळायला लागतं. मग लाळ हळूहळू ते आम्ल निवळवते आणि थोडं कॅल्शियम परत दातात भरते. या सावरण्याला अर्धा ते एक तास लागतो.

म्हणून किती साखर खाल्ली यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्ली, हा प्रश्न मोठा. जेवणाबरोबर वाटीभर शिरा खाल्ला तर दातावर एकदाच हल्ला होतो. तीच साखर चहाच्या सहा कपांत वाटून घेतली, तर सहा वेळा. गावात सकाळचा चहा, न्याहारीचा चहा, शेतावरचा, दुपारचा, पाहुणा आला म्हणून एक आणि संध्याकाळचा, असा हिशेब सहज होतो. सोबत खारी, टोस्ट किंवा पाच रुपयांचा बिस्किटांचा पुडा. चहात बुडवलेल्या बिस्किटाचा लगदा दाढेच्या खाचांत घट्ट बसतो, तो जिभेनं निघत नाही. आणि नव्यानं आलेल्या कायमच्या दाढेच्या खाचा इतक्या अरुंद असतात की ब्रशचा केसही त्यांच्या तळाला पोचत नाही.

"गावाकडची माणसं भाकरी खातात, त्यांचे दात मजबूत" हे पूर्वी बऱ्याच अंशी खरं होतं. आता गोड पुडे वाडी-तांड्यावरच्या दुकानातही लटकलेले असतात. २००२-०३ मध्ये भारतीय दंत परिषदेनं केलेल्या राष्ट्रीय पाहणीत ५ वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ५२ टक्के, १२ वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ५४ टक्के आणि ३५ ते ४४ वयाच्या लोकांपैकी सुमारे ८० टक्के जणांना कीड आढळली होती. साखर गावात कधीच पोचली. दंतवैद्य अजून पुरेसा पोचलेला नाही. दोन्हींतल्या या अंतरात दाढ सापडते.

किडलेले, काढलेले, भरलेले

दंतवैद्यकात १९३८ पासून एक साधा हिशेब वापरला जातो. एका माणसाच्या तोंडातले किडलेले दात मोजायचे, किडीमुळे काढलेले मोजायचे, भरलेले मोजायचे आणि तिन्हींची बेरीज करायची. बेरीज सांगते की आयुष्यात किती दातांना कीड लागली.

समजा पुण्यातल्या एका चाळीस वर्षांच्या बाईंची बेरीज सहा आली आणि मेळघाटातल्या तेवढ्याच वयाच्या बाईंचीही सहाच. कागदावर दोघींचे दात सारखेच. पण बेरीज उलगडली की चित्र बदलतं. पुण्यातल्या बाईंचा एक दात किडलेला, एक काढलेला आणि चार भरलेले असतील. मेळघाटातल्या बाईंचे तीन किडलेले, तीन काढलेले आणि भरलेला एकही नाही. त्या सहांपैकी पहिलीच्या तोंडात चावायला पाच दात उरले, दुसरीच्या तोंडात तीन, आणि तेही दुखरे. गाव-शहरातला फरक बेरजेत शोधला तर हाती फारसं लागत नाही, कारण मुलांमध्ये कधी कधी शहराचीच बेरीज जास्त निघते. तो दिसतो तिसऱ्या आकड्यात, म्हणजे भरलेल्या दातांत. एखाद्या भागातल्या पाहणीचा अहवाल हाती आला तर आधी तोच आकडा बघावा.

गावात त्या दाढेचं काय होतं

सुरुवातीला खाचेच्या कडेला खडूसारखा पांढरट डाग दिसतो. या टप्प्यावर दात स्वतःहून भरून येऊ शकतो. फ्लोराइडची पेस्ट आणि कमी वेळा गोड, एवढं पुरतं. पुढे डाग तपकिरी होतो, कवचाला भोक पडतं, पण दुखत नाही, कारण कवचात नस नसते. मग कीड आतल्या मऊ थरात शिरते आणि थंड पाणी किंवा गूळ लागला की सणक येते. इथंसुद्धा एका खेपेत सिमेंट भरून काम होतं. त्यानंतर कीड दातातल्या नसेला जाऊन भिडते. आता रात्री आडवं झालं की ठणका वाढतो आणि डोकं, कान, डोळा सगळंच दुखायला लागतं. आणि काही दिवसांनी कळ अचानक थांबते.

ही थांबलेली कळ सगळ्यात फसवी. नस मेली म्हणून दुखणं गेलं, रोग तसाच आहे. जंतू मुळाच्या टोकातून हाडात उतरतात आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी हिरडीवर पुळी येते, नाहीतर गाल सुजतो.

मधल्या काळात जे उपाय होतात, त्यांचं एकेक सांगायला हवं. लवंगेच्या तेलानं थोडा वेळ बधिरपणा येतो; कापसाचा बोळा अगदी किंचित ओला करून फक्त खड्ड्यात ठेवला तर ठीक, हिरडीला लागला तर ती पोळते. डोकेदुखीची गोळी हिरडीपाशी दाबून धरली की तिथली कातडी पांढरी पडून जळते. गोळी पोटात गेली तरच काम करते. तंबाखूची चिमूट दाढेत धरल्यानं कळ दबते, आणि कित्येक बायांची मिश्रीची सवय तिथूनच सुरू होते. बाजारात रिंगणीच्या बियांचा धूर देऊन "कीड काढून" दाखवणारे असतात. पाण्यात किंवा ताटलीत जे अळीसारखं पडलेलं दिसतं ते बियांतून नाहीतर हातचलाखीतून आलेलं असतं. दाढेच्या आत अळी राहतच नाही. सुजलेल्या गालाला बाहेरून शेक देऊ नये. त्यानं पू बाहेरच्या बाजूला ओढला जाऊन गालाला छिद्र पडू शकतं आणि तो व्रण जन्मभर राहतो.

मेडिकलमधून तीन दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या आणल्या की सूज उतरते, पण महिन्या-दोन महिन्यांत परत येते. याचं कारण साधं आहे. औषध रक्तातून जातं, आणि मेलेल्या नसेच्या नळीत रक्त पोचत नाही. जंतूंचं घर आत शाबूत राहतं. दाढ आतून साफ करणं किंवा काढणं, याशिवाय तिसरा मार्ग नाही.

सूज जबड्याखाली, गळ्याकडे उतरली, जीभ वर उचलल्यासारखी वाटू लागली, थुंकी गिळवेना, तोंड उघडेना, ताप आला, तर सकाळची वाट बघायची नाही. खालच्या मागच्या दाढांचा पू गळ्यात उतरून श्वास कोंडू शकतो. थेट उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालय गाठायचं आणि गरज वाटली तर १०८ ला फोन करायचा.

मग दाढ वाचवायची की काढायची? रूट कॅनालला, म्हणजे नस काढून दाढ आतून साफ करून भरायला, दोन-तीन खेपा लागतात, त्यावर कॅप बसवायची तर आणखी दोन. खाजगी दवाखान्यात दोन्ही मिळून काही हजारांचा खर्च. शिवाय तालुक्याला जायचं म्हणजे एसटीचं भाडं आणि दिवसाची मजुरी. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला २९७ रुपये होता. त्या दरानं चार खेपांत जवळजवळ बाराशे रुपये नुसत्या बुडालेल्या मजुरीत जातात. बाईमाणूस असेल तर सोबत येणाऱ्याचीही मजुरी बुडते. दाढ काढायला एक खेप. ती काढून टाकणाऱ्या माणसांचा हिशेब चुकलेला नसतो. त्यांच्यापुढे पर्यायच तेवढे ठेवलेले असतात.

पण काढलेल्या दाढेची किंमत नंतर चुकती करावी लागते. तिच्या मागची दाढ रिकाम्या जागेकडे कलते, समोरच्या जबड्यातली दाढ आधार नसल्यानं खाली लोंबते किंवा वर चढते. फटींत अन्न अडकायला लागून शेजारचे दात किडतात. माणूस एकाच बाजूनं चावतो आणि त्या बाजूच्या दाढा लवकर झिजतात. पन्नाशीच्या आत भाकरी दुधात कुस्करून खायची पाळी येते ती अशी, पायरीपायरीनं. पुढे कुणी फिरता माणूस कवळीच्या प्लास्टिकनं शेजारच्या दातांना चिकटवून "पक्का दात" बसवून देतो. तो काढून धुता येत नाही, त्याखाली हिरडी सडते आणि आधाराचे चांगले दातही हलायला लागतात. कवळी नेहमी काढता-घालता येणारी हवी आणि ती रात्री काढून पाण्यात ठेवायची.

शहरात त्याच दाढेचं काय होतं

शहरात दाढ वाचण्याची शक्यता जास्त, पण तिथल्या चुका वेगळ्या. रूट कॅनाल होतं, कळ थांबते आणि कॅप "पुढच्या महिन्यात" म्हणून राहून जाते. आतून पोखरलेली आणि नस काढलेली दाढ चावण्याच्या जोरानं उभी चिरते. उभी चीर मुळापर्यंत गेली की ती जोडता येत नाही. हजारो रुपये घातलेली दाढ शेवटी काढावीच लागते. दाढेच्या रूट कॅनालनंतर कॅप काही आठवड्यांत बसायला हवी, आणि खर्चाचा अंदाज घेताना दोन्हींचा एकत्रच घ्यावा.

लहान मुलांत बाटलीची कीड शहरात फार दिसते. दूध-साखरेची बाटली तोंडात ठेवून मूल झोपतं, झोपेत लाळ कमी होते आणि वरचे समोरचे चार दात हिरडीच्या कडेनं तपकिरी होऊन तुटतात. खालचे मात्र चांगले राहतात, कारण त्यांच्यावर जिभेचं पांघरूण असतं. झोपताना बाटलीत साध्या पाण्याखेरीज काही नको. थंड पेयं आणि डब्यातले रस मुळातच आंबट असतात. घोटघोट करत तासभर पीत बसलं तर जिवाणूंच्या मदतीशिवायही कवच विरघळतं. असं काही प्यायल्यावर लगेच ब्रश करू नये, कारण मऊ पडलेलं कवच त्यानं खरवडतं. चूळ भरायची आणि अर्धा तास थांबायचं. कडक ब्रश आडवा, जोरात घासणाऱ्यांच्या सुळ्यांजवळच्या दातांना हिरडीपाशी खाचा पडतात, तेही शहरात जास्त.

आणि शहर म्हणजे एक वस्ती नव्हे. झोपडपट्टीत किंवा बांधकामाच्या साइटवर राहणाऱ्या मुलाला पुडे शहरातले मिळतात आणि उपचार गावाइतकेच. ऊसतोडीला जाणाऱ्या बीडकडच्या कुटुंबांचं याहून अवघड. दिवाळीच्या सुमाराला घर सोडायचं आणि पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की उन्हाळ्याच्या तोंडाला परतायचं. शाळेतली तपासणी नेमकी याच महिन्यांत झाली, तर ती मुलं यादीत असूनही तोंड कुणी बघत नाही.

मिश्री, खर्रा, गुटखा

गावाच्या तोंडाला सगळ्यात मोठं नुकसान साखरेपेक्षा तंबाखू करते. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात देशाच्या ग्रामीण भागात ३२.५ टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले, शहरी भागात २१.३ टक्के. महाराष्ट्रात एकूण २६.६ टक्के, आणि त्यातही बहुतेक जण धूर न काढता खाणारे किंवा लावणारे.

मिश्री, कोकणात आणि मुंबईकडे मशेरी, हे इथलं खास प्रकरण. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि ती पूड बोटानं दात-हिरड्यांवर घासायची. पूड खरखरीत असल्यानं दात स्वच्छ झाल्यासारखे वाटतात, आणि निकोटीन हिरडीतून रक्तात गेल्यानं तरतरी येते. सुरुवात सकाळी एकदा होते. मग जेवणानंतर, मग झोपताना. बोट जिथं रोज फिरतं तिथं हिरडी खाली सरकते, मुळं उघडी पडतात, थंड लागायला लागतं. ते थंड लागू नये म्हणून पुन्हा मिश्री.

ही सवय दात घासण्याच्या नावाखाली होत असल्यानं ती लावणारी बाई तिला व्यसन मानत नाही. "तंबाखू खाता का?" असं विचारलं की उत्तर "नाही" येतं, आणि ते तिच्या परीनं खरंच असतं. आशाताई असोत की डॉक्टर, प्रश्न "मिश्री लावता का, दिवसातून किती वेळा, लावून किती वेळ ठेवता?" असाच हवा. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ पासून देशात बंदी आहे, पण घरच्या तव्यावर भाजलेल्या पुडीला ती लागू होत नाही. सोडताना आधी झोपतानाची वेळ बंद करावी, मग जेवणानंतरच्या, सकाळची शेवटी. सकाळी उठल्या उठल्या ब्रश-पेस्ट हाती घ्यायची म्हणजे "दात घासायचे राहिले" ही हुरहूर राहत नाही. पहिले तीन-चार दिवस डोकं दुखतं, चिडचिड होते, पोट साफ होत नाही, हे उतरतं. १८००-११२-३५६ या राष्ट्रीय मदतवाहिनीवर फोन फुकट लागतो.

विदर्भात खर्रा चालतो: सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या कागदावर घोटून. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण साध्या सुपारीवर नाही, आणि तोंड आखडण्याच्या रोगाला एकटी सुपारी पुरते. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं सुपारी ही स्वतःच कर्करोगकारक असल्याचं जाहीर केलं. सुरुवातीला तिखट झोंबतं. मग गालाच्या आतली कातडी फिकट होते, आत दोरीसारखे पट्टे हाताला लागतात आणि तोंड कमी कमी उघडतं. घरी तपासायचं तर स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून समोरच्या दातांमध्ये घालायची. तिन्ही गेली तर बरं; दोनच जात असतील तर त्याच आठवड्यात दाखवायला जावं. गमावलेलं उघडणं पूर्ण परत येत नाही, पण सुपारी त्याच दिवशी बंद केली तर आणखी आखडणं बरंचसं रोखता येतं.

दोन आठवड्यांत न भरणारा तोंडातला फोड, पुसून न निघणारा पांढरा किंवा लाल चट्टा, गालात गाठ: हे दुखत नाही, म्हणूनच उशीर होतो. याच अवस्थेत कर्करोग सापडला तर शस्त्रक्रिया लहान होते आणि माणूस वाचण्याची शक्यता खूप मोठी असते.

पाण्यातलं फ्लोराइड

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड, बीड अशा जिल्ह्यांतल्या काही गावांत मुलांच्या समोरच्या दातांवर पांढरे-तपकिरी आडवे पट्टे दिसतात. ही कीड नाही आणि मळही नाही. खोल बोअरचं पाणी वर्षानुवर्षं खडकात मुरलेलं असतं आणि खडकातलं फ्लोराइड त्यात उतरतं. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं. दुसरं पाणीच नसेल तर १.५ पर्यंत. त्याहून जास्त असलेलं पाणी मूल आठ वर्षांचं होईपर्यंत प्यायलं, तर हाडात घडत असलेल्या दातांच्या कवचात दोष राहतो. दात बाहेर आल्यावर डाग पडत नाहीत. ते आतूनच डाग घेऊन येतात. म्हणून विटेच्या चुऱ्यानं किंवा राखुंडीनं घासून ते जात नाहीत, उलट कवच झिजतं.

पाणी उकळून फ्लोराइड कमी होत नाही. पाणी आटल्यानं ते वाढतं. कापडानं किंवा कँडल फिल्टरनंही जात नाही. ते आरओ किंवा सक्रिय ॲल्युमिनाच्या गाळणीनं निघतं. याहून सोपा मार्ग म्हणजे पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी तेवढं उथळ विहिरीचं, नळयोजनेचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी वापरायचं आणि बोअरचं धुण्या-भांड्याला. तपासणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत होते. ग्रामपंचायतीकडे नमुना देण्याची मागणी करता येते. अशा गावांत सहा वर्षांखालच्या मुलांची पेस्ट दंतवैद्याला विचारून ठरवावी. मुंबईसारख्या शहरात उलटी स्थिती आहे. तलावाच्या पाण्यात फ्लोराइड फारच कमी, त्यामुळे दातांना ते मिळतं ते पेस्टमधूनच.

हिरड्यांबद्दल थोडक्यात. ब्रश करताना रक्त आलं की लोक ती जागा घासायचं सोडतात. मळ तिथंच साचून दगड होतो आणि हिरडी आणखी सुजते. तिथं तर जास्त हळुवार आणि नीट घासायला हवं. "दात साफ करून घेतले की हलायला लागतात" हा समज दोन्हीकडे आहे. दात आधीच हलत असतात, चुन्यासारख्या त्या दगडानं फक्त एकमेकांना धरून ठेवलेले असतात. मधुमेह असेल तर हिरड्या लवकर बिघडतात, आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखर आटोक्यात येत नाही.

विजेशिवाय होणारे उपचार

गावात खुर्ची, कॉम्प्रेसर, अखंड वीज नाही म्हणून दात भरता येत नाहीत, हे आता खरं राहिलेलं नाही. १९८० च्या दशकात टांझानियात एक पद्धत आकाराला आली: हाताच्या छोट्या कोरण्यांनी मऊ कीड खरवडायची आणि ग्लास आयोनोमर सिमेंट बोटानं दाबून भरायचं. ड्रिल नाही, बहुतेक वेळा सुईही नाही. शाळेच्या बाकावर मुलाला झोपवून वीस मिनिटांत एक दाढ होते. सिमेंट ओल्या जागेत फसतं, म्हणून कापसाचे बोळे सतत बदलावे लागतात. आणि भरल्यावर तासभर काही खायचं नाही, नाहीतर ते निघून येतं.

दुसरं औषध म्हणजे ३८ टक्क्यांचं सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड. किडीवर थेंबभर लावलं की कीड थांबते आणि तो भाग काळा कुळकुळीत पडतो. काळेपणाची कल्पना आई-वडिलांना आधी द्यायलाच हवी. काळा आणि टणक म्हणजे कीड थांबलेली. तपकिरी आणि मऊ म्हणजे चालू. फ्लोराइडची पेस्ट, हे औषध आणि ते सिमेंट, तिन्ही २०२१ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत.

कुठं जायचं, काय विचारायचं

अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शासकीय शाळेत एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. त्यांच्या यादीत दातही आहेत. पथकानं "दात किडले" असं लिहून दिलेली चिठ्ठी बहुतेक घरांत तशीच पडून राहते. तीच चिठ्ठी घेऊन ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात जायचं. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात दंतवैद्य नसतो, म्हणून निघण्याआधी आशाताईंकडून खात्री करावी: दंतवैद्य कोणत्या दिवशी असतात, आणि तिथं दात भरतात की फक्त काढतात. हा दुसरा प्रश्न विचारला नाही तर वाचण्यासारखी दाढ काढून येते. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. रूट कॅनाल किंवा कवळीसाठी मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. सावंगी (वर्धा), लोणी (अहिल्यानगर) अशा ठिकाणच्या खाजगी महाविद्यालयांतही दवाखान्यापेक्षा बराच कमी खर्च येतो. वेळ जास्त लागतो, कारण शिकणारे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात.

घरासाठी मऊ केसांचा ब्रश, आणि पेस्टच्या वेष्टनावर फ्लोराइड १००० पीपीएम लिहिलंय का ते बघायचं. दहा रुपयांच्या ट्यूबमध्येही ते मिळतं. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, मोठ्यांना वाटाण्याएवढी. जाहिरातीत दाखवतात तसा पूर्ण ब्रशभर पट्टा नको. हिरडी आणि दात यांच्या सांध्यावर ब्रश तिरका धरून लहान गोल हालचाली, दोन मिनिटं. नंतर थुंकायचं, पण भरपूर पाण्यानं खळखळून चूळ भरायची नाही, कारण पेस्टमधलं फ्लोराइड दातावर राहायला हवं. एकच वेळ जमत असेल तर रात्रीची निवडावी. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाच्या हातावर हात ठेवून मोठ्यांनीच घासायचं.

आणि घरात सहा-सात वर्षांचं मूल असेल तर आज रात्री त्याचं डोकं मांडीवर घेऊन मोबाइलच्या टॉर्चनं तोंडात बघा. समोरच्या मधल्या रेषेपासून मागे मोजत जा: एक, दोन, तीन, चार, पाच. सहावी दिसली तर ती कायमची दाढ. ओल्या फडक्यानं तिची खाच पुसा आणि नीट बघा. टाचणीनं किंवा काडीनं टोकरू नका, मऊ झालेलं कवच त्यानं तुटतं. पांढरा डाग किंवा काळी रेघ दिसली तर पुढच्या बाजाराच्या दिवशी रुग्णालयात दाखवा. काहीच दिसलं नाही तरी दाखवा आणि "खाचा बुजवून द्या" म्हणून सांगा. त्याला सुई लागत नाही, दुखत नाही, एका दाढेला दहा-पंधरा मिनिटं पुरतात.